लव्ह यू पटकन निघतं, मराठीत म्हणायला गेलं की जीभ का अडते?

उनाडवारा
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे. मी आणि तो, दोघंही मराठी मीडियमवाले, घरी मराठी, शिव्या मराठीत, पण चार वर्षांत "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे एकमेकांना एकदाही म्हटलेलं नाहीये. लव्ह यू दिवसातून दहादा. मराठीत म्हटलं की नाटकातला डायलॉग वाटतो. आणि भांडण पेटलं की दोघंही इंग्रजीवर, त्यात जो अडखळला तो हरला, मुद्दा गेला उडत. आता रजिस्टर लग्न करतोय, जात वेगळी म्हणून घरी महाभारत, बाबांचं एकच पालुपद की हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. वर ती नोटीस महिनाभर बोर्डावर लागणार, कुणीही या, वाचा, हरकत घ्या. इंग्रज १९४७ ला गेले पण आमच्या दोघांच्या मधे अजून बसलेत असं वाटायला लागलंय. की मी उगाच सगळं त्यांच्यावर ढकलतेय?

कोर्टाचीपायरी
वकिली करते म्हणून आधी नोटिशीचं सांगते. १८७२ चा इंग्रजांच्या काळातला कायदा होता त्यात नोटीस १४ दिवसांची होती, पण "मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिश्चन नाही" वगैरे लिहून द्यावं लागायचं, म्हणजे प्रेम करायचं तर आधी धर्म सोडा. १९५४ च्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टने ती अट काढली आणि १४ चे ३० दिवस केले. आपणच केले हो, स्वतंत्र झाल्यावर!

आता संस्कृतीचं. बाबांना रखमाबाईंची गोष्ट सांग. ११ व्या वर्षी लग्न झालेलं, नवऱ्याकडे कधी नांदल्याच नाहीत, १८८४ मध्ये त्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला की बायकोला नांदायला पाठवा. पहिल्या निकालात न्यायमूर्ती पिन्हे म्हणाले की असा दावा ही मुळात इंग्लंडातली चीज आहे, हिंदू धर्मशास्त्रात याला आधार नाही, आणि दावा फेटाळला. तर आपल्याकडे धर्म बुडाला म्हणून केवढी बोंब झाली, केसरीसकट. इंग्रज न्यायाधीश सांगतोय हे तुमचं नाही, आणि आमची माणसं भांडतायत की नाही नाही, हेच आमचं! अपिलात निकाल फिरला, १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग, बाई म्हणाल्या तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मध्ये २००० रुपयांवर तडजोड झाली. या दाव्याचं मूळ चर्चच्या कोर्टात. इंग्लंडने तो १९७० च्या कायद्याने काढून टाकला, आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये अजून ठाण मांडून आहे आणि लोक माझ्याकडे येऊन त्याला "आपली परंपरा" म्हणतात. मी फी घेते आणि गप्प बसते.

डोंगरकोपरा
पायरीताई माहिती भारी, पण मला एक खटकतं. उनाडवारा, तुझं लग्न अडलंय ते जातीवर आणि जात काय बोटीतून आली नाही. १९०१ च्या जनगणनेत रिस्ले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने जातींची उतरंड लावायला घेतली, नाकं मोजणारा माणूस तो, ते खरंच, पण उतरंड आधीपासून होती, लोक वरची पायरी मागायला अर्ज घेऊन उभे राहिले त्याच्यापुढे. आणि इंग्रजीबद्दल म्हणशील तर सावित्रीबाईंनी १८५४ मध्ये इंग्रजीला माऊली म्हटलंय. आमच्या आजोबांना इंग्रजी म्हणजे गुलामी वाटायची नाही, गावात हाक मारताना जे शब्द ऐकावे लागायचे ते त्या भाषेत नव्हते एवढंच त्यांना पुरे होतं. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहिलंय की जात मोडायला आंतरजातीय लग्न हाच खरा उपाय, म्हणजे तुम्ही दोघं योग्य काम करताय, भांडा हव्या त्या भाषेत.

शब्दखोर
ते वाक्य अवघडच वाटणार, कारण मला तरी ते इंग्रजीवरून उचललेलं वाटतं. मराठीत प्रेम असं सरळ वाक्यात नसतं हो, जीव जडतो, जीव गुंततो, जीव लावतो, सगळा कारभार जीवाचा. आणि आपण लाजरे होतो म्हणावं तर पेशवाईतल्या लावण्या वाचा, त्यात बाई काय काय मागते ते इथे टाइप केलं तर अ‍ॅडमिन उडवतील. पुढे शिकलेल्या मंडळींनी त्यावर नाक मुरडलं, ती शिकवणी मात्र बरीचशी साहेबाकडची.

बिननावाचा
बाजूची गोष्ट. मी आणि माझा पार्टनर, दोघंही पुरुष. सगळे म्हणतात हे पाश्चात्त्यांचं फॅड. फॅड नाही, पश्चिमेकडून आलं ते आमच्यासारख्यांच्या संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७, १८६० च्या पीनल कोडमधून. इंग्लंडने १९६७ मध्ये स्वतःचं सैल केलं, आपल्याला सप्टेंबर २०१८ उजाडला. लग्नाला २०२३ मध्ये सुप्रीम कोर्ट नाही म्हणालं. तुम्हाला बोर्डावर नाव लागायचं टेन्शन आहे, आमचं लागतच नाही.

उनाडवारा
बिननावाचा, तुमचं वाचल्यावर नोटिशीबद्दल कुरकुर करायची लाज वाटली, पण भीती आहेच, अजून १९ दिवस आहेत. डोंगरकोपरा, खटकलं ते बरोबरच खटकलं. काल त्याला म्हटलं, जीव जडलाय रे तुझ्यावर. तो म्हणाला ताप आहे का?

बाबांना रखमाबाईंचं सांगितलं. पेपर खाली ठेवून ऐकलं त्यांनी. मग विचारलं, पुढे काय झालं तिचं. म्हटलं इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. "बरं" म्हणाले आणि पेपर परत वर.