मदत हवी आहे: ऑफ-रोडसाठी पेट्रोल की डिझेल?

गाडी ठरली आहे, फोर बाय फोर, लो-रेंज गिअरबॉक्स (अगदी हळू पण जास्त जोरात चढण्यासाठीचे वेगळे गिअर) आणि मॅन्युअल गिअर. अडलंय ते फक्त इंजिनवर. टर्बो पेट्रोल आणि डिझेल दोन्ही मिळतंय.

वापर असा: आठवडाभर शहरात छोट्या फेऱ्या, इंजिन धड तापतही नाही. सुट्टीला चिखल, दगडधोंडे, खडे चढ, कधी गुडघाभर पाणी. वाळू जवळपास नाहीच. मागे काही ओढायचं नाही. गाडी बरीच वर्षं ठेवायची आहे.

दोन्ही चालवून पाहिल्या. डिझेल कमी आरपीएमवर निवांत चढते, क्लचशी झटापट नाही. पेट्रोलला त्याच चढावर थोडी रेस द्यावी लागली, पण आवाज कमी आणि नाक हलकं वाटलं. मन डिझेलकडे आहे, हे आधीच सांगतो. एका टाकीत जास्त अंतर, हाही मुद्दा आहेच.

अडचण डीपीएफची, म्हणजे डिझेलच्या एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची. त्यातली काजळी जाळायला एक्झॉस्ट बराच वेळ गरम राहावा लागतो. माझ्या फेऱ्यांत ते होणार नाही आणि लो-रेंजमध्ये रांगतानाही कठीणच. फिल्टर काढून टाका, हा सल्ला नको. पाण्यात डिझेल बरं, हेही ऐकलंय. पण हवा आत घेणाऱ्या इनटेकमधून पाणी आत गेलं की दोन्ही इंजिनं सारखीच संपतात ना!

ज्यांचा वापर असाच आहे त्यांनी सांगा: अधूनमधून हायवेवर अर्धा-पाऊण तास पळवली तर डीपीएफ साफ राहतो का? आणि पेट्रोलवाल्यांनो, खड्या चढावर लो-रेंजमध्ये क्लच किती जळतो?