कॅन्सर बरा झाला, पण आईला धाप लागून राहिली. कोणाला दाखवावं?

मानेवाड्याची लेक
नमस्कार. आई 58 वर्षांची आहे. 2017 मध्ये डाव्या स्तनाचा कॅन्सर होता. ऑपरेशन, त्या लाल औषधाचे चार केमो, मग रेडिएशन. कॅन्सरच्या तपासण्या आता चांगल्या येतात. पण या उन्हाळ्यापासून जिन्यात मध्येच थांबते, संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात, चपलेच्या पट्ट्याचा वळ उठतो. बीपीची गोळी वाढवून दिली. घरचे म्हणतात वय आहे, ऊन आहे. कॅन्सरवाल्या डॉक्टरांकडे नेऊ की हार्टवाल्या?

धरमपेठची मावशी
बेटा, हार्टच्या डॉक्टरांकडे ने, याच आठवड्यात. आणि केमोची जुनी फाईल सोबत घे.

त्या लाल औषधाचं नाव डॉक्सोरुबिसिन. त्यानं हृदयाच्या स्नायूला इजा होऊ शकते आणि ती कित्येक वर्षांनीही डोकं वर काढते. एकूण औषध किती गेलं ते महत्त्वाचं. शरीराच्या दर चौरस मीटरमागे 250 मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं असेल तर धोका मोठा धरतात. नेहमीचा डोस 60 चा, म्हणजे चार केमोचे 240 झाले. त्यात डाव्या बाजूचं रेडिएशन. ते हृदयाच्या रक्तवाहिन्या आणि झडपांवर परिणाम करू शकतं. आणि बीपी आहेच. प्रत्येक गोष्ट वेगवेगळी पाहिली तर लहान वाटते, एकत्र पाहिली तर नाही.

मला ट्रास्टुझुमॅब चालू होतं, स्तनाच्या कॅन्सरचं एक इंजेक्शन, तेही हृदयावर परिणाम करू शकतं. दर तीन महिन्यांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) व्हायचा. एकदा ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा, 62 वरून 48 वर आला. इंजेक्शन थांबवलं, हृदयाच्या गोळ्या सुरू केल्या, पुढे 57 वर आला. वेळेत सापडलं म्हणून सावरलं. म्हणूनच तुला एवढं कळकळीनं सांगून राहिली.

माझ्या पर्समध्ये प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद असतो. केमोच्या औषधांची नावं, एकूण डोस, रेडिएशन कोणत्या बाजूला आणि किती, शेवटचे ईएफ, चालू गोळ्या. नवे डॉक्टर जाड फाईल चाळत नाहीत, हा कागद मात्र वाचतात. डोस सापडला नाही तर जिथे केमो झाली तिथल्या रेकॉर्ड विभागात डिस्चार्ज समरी माग. मला एका ठिकाणी खूप चकरा मारायला लावल्या, पण मी सोडलं नाही. तूही सोडू नको.

इको रूममधून
ईसीजी नॉर्मल आला म्हणून थांबू नका, इको हवाच. चिठ्ठीवर ‘डॉक्सोरुबिसिन आणि डावं रेडिएशन झालेलं’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि ईएफसोबत स्ट्रेन, म्हणजे हृदयाचा स्नायू किती आकसतो ते, मोजता येईल का विचारा. ईएफ पडायच्या आधी स्ट्रेन उतरलेला दिसू शकतो. पुढचे इको शक्यतो त्याच मशीनवर करा, म्हणजे तुलना नीट होते. डॉक्टर एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ताची तपासणीही सांगतील.

मानेवाड्याची लेक
मावशी, फाईल दिवाणात सापडली. डोस 240 च आहे, तुमचा हिशोब बरोबर निघाला! इको परवा आहे. आईला सकाळी अंबाझरीला फिरायला नेऊ का? आणि बाबा घरात खर्रा खातात, आईलाही अधूनमधून एखादी चिमूट देतात.

धरमपेठची मावशी
फिरणं परवाच्या रिपोर्टनंतर, डॉक्टरांना विचारूनच. त्यांनी हो म्हटलं की हळूहळू वाढवत आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत जायचं, तेही ऊन चढायच्या आत. खर्रा मात्र आजच बंद, बाबांचाही. सुपारी-तंबाखूनं कॅन्सर होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तंबाखू बीपी आणि ठोकेही वाढवतो. बाबांना माझं नाव सांगून सांग. सूज आहे तोवर पापड, लोणचं आणि सावजी रस्सा नको. शुगर आणि कोलेस्टेरॉलही याच वेळी तपासून घ्या.

एक विचारायचं राहिलं. रात्री आडवं पडल्यावर धाप लागते का? उशा वाढवाव्या लागतात का? तसं असेल, किंवा छातीत दुखलं, तर परवाची वाट पाहू नको, आजच कॅज्युअल्टीत ने.

मानेवाड्याची लेक
कालपासून दोन उशा घेते मावशी. निघतो आम्ही.