एकपक्षीय, एकतर्फी की एकहाती?

मंडळी, एका शब्दावर अडलोय. आमच्या कॉलेज रोडच्या सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी सिंगापूरच्या निवडणुकीवर दोन पानं लिहितोय. तिथे पीपल्स अ‍ॅक्शन पार्टी १९५९ पासून सत्तेत आहे, मे २०२५ ला पण ९७ पैकी ८७ जागा त्यांच्याच. मी 'एकपक्षीय निवडणूक' लिहिलं तर अंक बघणाऱ्या काकू म्हणे चुकलं, 'एकतर्फी' कर. फरक काय हो?

— काकू अर्ध्या बरोबर. एकपक्षीय म्हणजे दुसऱ्या पक्षाला परवानगीच नाही, क्यूबासारखं. सिंगापूरला विरोधी वर्कर्स पार्टीचे १० जण निवडून आलेत की! पण एकतर्फी हे निकालाला लागतं, देश एकतर्फी आहे असं कोणी म्हणत नाही. आणि मतं ६५ टक्के, जागा जवळपास ९० टक्के, मग एकतर्फी मतांवरून ठरवायचं का जागांवरून?

— माझं आयुष्य कोर्टात गेलं, आमच्याकडे समोरचा हजरच झाला नाही की एकतर्फी निकाल. तो अर्थ इथे झकास बसतो बघा, मरीन परेड-ब्रॅडेल हाइट्स नावाच्या मतदारसंघात विरोधकांनी अर्जच भरला नाही, ५ जागा न लढता गेल्या. १९६८ ला तर ५८ पैकी ५१ अशाच.

— ओ वकीलसाहेब, त्याला साध्या मराठीत बिनविरोध म्हणतात, २०२४ ला सुरतची लोकसभा झाली ना तसं. (आणि हे 'बिन' फारसी नाही बरं का, आपल्या 'विना'चंच रूप, म्हणून तर बिनपगारी, बिनशर्त कशालाही चिकटतं.)

— बिनविरोध वर माझा आक्षेप आहे. आमच्या निफाडकडे सरपंच बिनविरोध झाला की गुलाल, गावाने एकी दाखवली म्हणून कौतुक, खर्च वाचला भांडणं वाचली. म्हणजे शब्दातच शाबासकी आहे. सिंगापूरला मतदान सक्तीचं, आणि त्या मतदारसंघातल्या लोकांना मत द्यायलाच मिळालं नाही, त्यांना कसली शाबासकी? तिथे सरळ 'मतदानाशिवाय' लिहा.

— एकहाती सत्ता लिहिलं तर?

— नको. एकहाती म्हणजे युती न करता, ते एका टर्मला पण होतं, आपल्या महापालिकेत पण होतं. सहासष्ट वर्षांना तो शब्द पुरत नाही. राज्यशास्त्रात नेहरूंच्या वेळच्या काँग्रेससाठी 'एकपक्ष वर्चस्व' म्हणायचे, तेच घ्या. वर्चस् म्हणजे संस्कृतात तेज, मराठीत येईपर्यंत त्याची दादागिरी झाली.

— पटलं! 'एका पक्षाचं वर्चस्व असलेल्या देशातली निवडणूक' करतो, आणि त्या ५ जागा मतदानाशिवाय. तसंही 'पक्ष' म्हटलं की सध्या आमच्या घरी पितृपक्ष, उद्या सकाळीच गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जायचंय, काकूंना मथळा संध्याकाळी दाखवतो. लांब झाला म्हणणारच त्या.