मदत हवी आहे : केव्हीएमवरच्या जुन्या मशीन टाइप कधी बंद करायच्या? तुमच्याकडे काय नियम आहे?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे दोन केव्हीएम होस्ट आहेत (केव्हीएम म्हणजे लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय), दोन्हीवर डेबियन १२ लिनक्स, त्यावर चाळीसेक व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. आता डेबियन १३ वर जायचंय म्हणून एका टेस्ट मशीनवर टाकून बघितलं तर क्यूएमू (व्हीएमला आभासी हार्डवेअर पुरवणारा प्रोग्राम) ७.२ चं १०.० झालं आणि मशीन टाइपच्या (व्हीएमला दिसणाऱ्या आभासी मदरबोर्डचं मॉडेल आणि व्हर्जन) यादीत कितीतरी नावांपुढे डेप्रिकेटेड, म्हणजे 'पुढे काढून टाकणार', असं आलं. मग सगळ्या व्हीएमच्या एक्सएमएल (सेटिंगच्या फाइल) चाळल्या, तर अकरा व्हीएम अजून पीसी-आय४४०एफएक्स-२.८ वरच, म्हणजे २०१७ ला डेबियन ९ असताना बनवलेल्या. तेव्हा कोणीतरी नुसतं 'पीसी' लिहिलं असणार, लिबव्हर्टने (व्हीएम सांभाळणारं टूल) त्याला त्या वेळचं व्हर्जन चिकटवलं आणि पुढे होस्ट तीनदा अपग्रेड झाला तरी ते तसंच राहिलं.

क्यूएमूवाल्यांनी ९.१ पासून नियमच केलाय, तीन वर्षं झाली की डेप्रिकेटेड, सहा झाली की काढायचं, आणि प्रत्यक्ष काढणं १०.१ पासून. मला तो पटतो, प्रत्येक जुन्या टाइपसाठी तेव्हाचे डिफॉल्ट आणि तेव्हाची एसीपीआय टेबलं (ऑपरेटिंग सिस्टिमला हार्डवेअरची माहिती देणारी) किती वर्षं सांभाळायची त्यांनी.

पण टाइप बदलायला व्हीएम पूर्ण बंद करून परत चालू करावी लागते, आतून रीबूट मारून भागत नाही, आणि अकाउंट्सवाले म्हणतात चालतंय ना, मग कशाला हात लावता. मला ऑफिससाठी लेखी पॉलिसी करायचीय. मुदत कशावरून मोजता? आणि मुदत संपल्यावर खरंच बंद करता का? प्लीज सांगा, मी फार टेन्शनमध्ये आहे.

प्रतिसाद १

व्हीएमचं वय मोजू नका. पुढच्या होस्टवर जे क्यूएमू येणारे त्यात तो टाइप आहे का एवढंच बघा आणि तिथून उलटं मोजा. आमच्याकडे डेप्रिकेटेड दिसलं की त्या वर्षातल्या पहिल्या ठरलेल्या शटडाउनला टाइप बदलतो. एक्सएमएल आधीच एडिट करून ठेवायची, चालू व्हीएमला काही होत नाही, पूर्ण बंद होऊन उठली की नवा टाइप लागतो.

आत्ता १०.० चा टाइप टाकू नका हां! एक होस्ट ७.२ वर असेपर्यंत ती व्हीएम तिकडे लाइव्ह मायग्रेट होणार नाही, म्हणजे चालू असताना हलवता येणार नाही. ७.२ चा टाइप दोन्हीकडे चालतो, तो डिसेंबर २०२२ चा, म्हणजे त्यांच्या नियमाने डिसेंबर २०२८ पर्यंत टिकेल.

प्रतिसाद २

विंडोज असेल तर जपून. चिपसेटची मांडणी बदलली की नेटवर्क कार्ड नवीन समजतं आणि स्टॅटिक आयपी जातो, कधी ॲक्टिव्हेशनही परत मागतं. आधी क्लोन काढून नेटवर्क तोडून त्यावर बघा. आणि मेमरीसकट घेतलेले स्नॅपशॉट किंवा मॅनेज्ड सेव्ह (व्हीएमची चालू स्थिती डिस्कवर ठेवलेली फाइल) असतील तर ते जुन्या टाइपवरच उठतात, त्यांची आधी विल्हेवाट लावा, नाहीतर नंतर काही करता येणार नाही. आमच्याकडे एक असा राहिला होता, त्यासाठी एक जुना होस्ट महिनाभर चालू ठेवला.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. मॅनेज्ड सेव्हचं डोक्यातच नव्हतं, आत्ता बघितलं तर दोन निघाले. अकरापैकी चार विंडोज आहेत, त्यांचे क्लोन शनिवारी करतो. पॉलिसीत आता असं लिहितोय की डेप्रिकेटेड दिसल्यापासून बारा महिन्यांत एक शटडाउन द्यायचाच, तारीख विभागाने निवडायची, नाही निवडली तर आम्ही ठरवू, आणि टाइप बदलेपर्यंत त्या होस्टचं अपग्रेड थांबेल हे त्यांच्या प्रमुखाची सही घेऊन. सहीचा मुद्दा कोणी वापरलाय का, त्याने लोक तारीख देतात का?