मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात लॉ स्कूलला न जाता वकील व्हायचंय

नमस्कार मंडळी. मी सॅन होजेत राहते. पुण्यात बीकॉम केलंय, इथे सहा वर्षं इमिग्रेशन वकिलांकडे पॅरालीगल (वकिलांची मदतनीस) आहे. लॉ स्कूलची फी झेपणारी नाही, म्हणून वकिलाच्या हाताखाली शिकायचं मनावर घेतलंय. ४ वर्षं, आठवड्याला किमान १८ तास, दर महिन्याला परीक्षा, पहिल्या वर्षानंतर 'बेबी बार' (पहिल्या वर्षाच्या अभ्यासावरची परीक्षा) आणि शेवटी सगळ्यांसारखीच बार परीक्षा, म्हणजे वकिलीच्या परवान्याची परीक्षा. (टीव्हीवरची किम कार्दाशियन याच वाटेने गेली, तीही बेबी बार २०२१मध्ये चौथ्या प्रयत्नात पास झाली.)

अडलंय ते गुरूपाशी. किमान ५ वर्षं वकिली केलेल्या माणसाने आठवड्याला ५ तास स्वतः शिकवायला हवं. आमचे वकीलसाहेब म्हणाले, "तू करशील गं, पण मला वेळ कुठाय?" खरंच नाही, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरही फायलींचे गठ्ठे असतात.

इथे कुणी असं शिकलंय का? वकिलाला तयार कसं केलंत? करार, टॉर्ट (नुकसानभरपाईचे दिवाणी दावे) आणि फौजदारी कायद्याचा अभ्यास नोकरी सांभाळून कसा बसवलात? यावर भारतात सनद मिळत नाही, तिथे एलएलबी लागतेच, हे ठाऊक आहे. मला इथल्याच लोकांसाठी उभं राहायचंय. अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.