वेबकॉमिक फॉरवर्ड होतंय, पण साइटवर कुणी येत नाही

मोंढ्याचा_बोरू
मोंढ्यातल्या (शेतमालाच्या बाजारातल्या) एका हमालावरचं वेबकॉमिक आहे, लातूरकडच्या बोलीत. दर शनिवारी एक पान, आतापर्यंत २२ भाग. वर्डप्रेसवर स्वतःची साइट, शिवाय इन्स्टाग्राम. पान २००० बाय ३००० पिक्सेल, पीएनजी, साधारण ४ एमबी, एका पानात सहा चौकटी, अक्षर ४० पिक्सेल. व्हॉट्सॲपवर पान बरंच फिरतं, पण त्यावर नाव नाही, पत्ता नाही. साइटवर दिवसाला १०-१५ जण. इन्स्टावर लाइक करणारे बहुतेक चित्रकारच. आधी काय दुरुस्त करू? पैसे देऊन जाहिरात करावी का? आणि बोली सोडून प्रमाण मराठी करावी का?

रेघोट्या
आधी पान मोडा. साध्या क्वालिटीत पाठवलेलं चित्र व्हॉट्सॲप लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलांवर आणतं. म्हणजे तुमचं ३००० चं पान जवळपास निम्मं होतं आणि ४० चं अक्षर २१ वर येतं. फोनचा पडदा ६.५-७ सेंटीमीटर रुंद, त्यावर ते अक्षर दीड मिलिमीटरही भरत नाही. त्यात देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार. ‘कु’ आणि ‘कृ’ सारखेच दिसायला लागतात. माणूस चिमटीनं मोठं करून एक चौकट वाचतो आणि सोडून देतो.

सहा चौकटींची तीन चित्रं करा, प्रत्येकी दोन चौकटी, १०८० बाय १३५०. हा आकार व्हॉट्सॲप लहान करत नाही आणि इन्स्टालाही हाच चालतो. अक्षर ४४ पिक्सेलच्या खाली नको. संवादाच्या फुग्यात तीन ओळींपेक्षा जास्त मजकूर होत असेल तर वाक्य कापा, अक्षर बारीक करू नका.

नाव-पत्ता चित्राच्या खाली पांढऱ्या पट्टीत टाकलात तर लोक स्टेटसला लावताना पट्टी कापतात. तो चित्राच्या आत बसवा: पोत्यावरचा शिक्का, आडतीची पाटी, हातगाडीची फळी. तुमच्याकडे तर जागाच जागा आहे, राव. पत्ता रोमन लिपीत आणि तोंडी सांगता येईल इतका लहान. तिन्ही चित्रांवर भाग क्रमांक आणि ‘१/३’, ‘२/३’ लिहा, कारण पुढे पाठवणारा तिन्ही पाठवेलच असं नाही. मधलंच एकटं फिरलं तरी पुढचं-मागचं कुठे आहे ते कळलं पाहिजे.

गोदाकाठ
रेघोट्या यांनी चित्राचं सांगितलं, मी साइटचं सांगतो. कारण पत्ता टाकून माणूस आला आणि समोर एकदम भाग २२ दिसला, तर तो परत जाणार. चालू कथा असेल तर मुखपृष्ठावर ताज्या भागाइतकंच मोठं ‘पहिल्यापासून वाचा’ हे बटण हवं. प्रत्येक भागाखाली ‘मागचा’ आणि ‘पुढचा’, अंगठा पोचेल अशा जागी. वर्डप्रेसला ‘तूचेके’ नावाची वेबकॉमिकसाठीचीच थीम आहे, तिच्यात ही सोय तयार मिळते.

दुवा पाठवल्यावर दिसणारं चित्र वेगळं बनवा: १२०० बाय ६३०, वजन ३०० केबीच्या आत. जास्त जड असलं की व्हॉट्सॲपवर बऱ्याचदा नुसताच दुवा दिसतो. अख्खं पान तिथे घालू नका, एकच चौकट घाला. ओलावा मोजायचं यंत्र पोत्यात खुपसलंय, शेतकरी यंत्राकडे बघतोय, हमाल शेतकऱ्याकडे, आणि फुगा एकच: ‘घरी बारा व्हता, हितं चौदा कसा?’ एवढं पुरे. महत्त्वाचं सगळं मधोमध ठेवा, कारण काही ठिकाणी त्याचाच चौकोनी तुकडा दिसतो. चित्र बदललं तरी जुनंच दिसत असेल तर फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये दुवा टाकून पुन्हा वाचायला लावा. व्हॉट्सॲपसाठी दुव्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा जोडला की नवं दिसतं.

भागाचा दुवा देवनागरीत ठेवू नका. कॉपी केल्यावर एकेका अक्षर-मात्रेची नऊ-नऊ चिन्हं होतात आणि मेसेजमध्ये चार ओळींचा कचरा दिसतो. शोधणाऱ्यांसाठी मात्र चित्राखाली सगळे संवाद युनिकोडमध्ये टाइप करा. फुग्यातलं वाचून गूगल तुम्हाला शोधात वर आणेल या भरवशावर राहू नका. डीटीपीवाल्याकडून जुन्या फाँटात टाइप करून आणलं असेल तर ते कन्व्हर्टरमधून काढा, नाहीतर साइटवर निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते.

चौकट_मोडलेली
तुम्ही दोघं व्हॉट्सॲप धरून बसलात, पण अनोळखी वाचक तिथून कमी येतो. ओळखीच्यांच्या ओळखीतच ते फिरतं. अनोळखी माणसासाठी इन्स्टा सोडू नका, फक्त वापर बदला. एका पोस्टमध्ये २० पर्यंत चित्रं जातात, म्हणजे तुमचे तीन आठवडे एकत्र करून ९ चित्रांचा एक पूर्ण प्रसंग देता येतो. पहिलं चित्र म्हणजे शीर्षक नव्हे, भांडणाच्या मधली चौकट. आणि दुसरं चित्रही एकट्यानं उभं राहील असं ठेवा, कारण पहिलं बघून कुणी पुढे सरकलं तर तीच पोस्ट पुन्हा दाखवताना इन्स्टा बऱ्याचदा दुसऱ्या चित्रापासून दाखवतं.

प्रोफाइलच्या जाळीत आता ३:४ चे चौकोन दिसतात, त्यामुळे १०८० बाय १३५० च्या चित्राचे दोन्ही बाजूंचे साधारण ३४ पिक्सेल तिथे कापले जातात. फुगे कडेला चिकटवू नका. मजकुरातला दुवा दाबता येत नाही. तो बायोमध्ये आणि स्टोरीच्या लिंक स्टिकरमध्ये द्या. हॅशटॅग चित्रकारांचे लावाल तर चित्रकारच येणार, भाऊ. लातूर, मोंढा, सोयाबीन, शेतकरी असे तीन-चार बास.

येळवस
जाहिरात आणि बोली, दोन्ही राहिलं.

जाहिरातीला आत्ता पैसे घालू नका. आधी साइटच्या आकडेवारीत भाग १, २, ३ शेजारी शेजारी ठेवून बघा. शंभर जणांनी पहिला उघडला आणि दुसऱ्यावर वीसच गेले, तर गळती पहिल्या भागात आहे, जाहिरात लावली तरी तिथूनच गळणार. साठ-सत्तर पुढे जात असतील तर थोडे पैसे लावून बघा, पण उद्दिष्ट ‘एंगेजमेंट’ नको, साइट उघडणाऱ्यांचं घ्या. नाहीतर लाइक विकत मिळतात, वाचक नाही.

बोली अजिबात सोडू नका. ‘काय करायलास बे?’ वाचून पुण्यात कामाला गेलेला लातूरकर ज्या वेगानं पान पुढे पाठवतो, तो वेग ‘काय करत आहेस?’ ला नाही. फक्त भागाचं नाव, वर्णन आणि ऑल्ट टेक्स्ट (चित्राला जोडलेलं लेखी वर्णन) प्रमाण मराठीत ठेवा. शोधणारा तसंच टाइप करतो.

आणि पंचांग भिंतीवर लावा. पोळा, १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. या दिवसांसाठी कथेबाहेरचं, एकाच चित्रात संपणारं पान करा आणि दोन दिवस आधी सोडा. सणाच्या सकाळी लोक हाताशी असलेलंच पाठवतात, नवं शोधत नाहीत. वेळ अमावस्येची भज्जी-आंबील नाशिककराला कळणार नाही, तर कोपऱ्यात एक ओळ द्या.

ब्रॉडकास्ट लिस्टवर विसंबू नका. २५६ जणांची मर्यादा, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. बाकीच्यांना काही मिळत नाही आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. व्हॉट्सॲप चॅनेल काढा. तिथे वाचकाचा नंबर इतर वाचकांना दिसत नाही, म्हणून बायकाही बिनधास्त येतात. शनिवारी तिथे पहिलंच चित्र टाका आणि खाली साइटचा दुवा. तिन्ही टाकली तर साइटवर कोण येईल?

मोंढ्याचा_बोरू
भरपूर मिळालं. एक अडचण: तीन चित्रं करताना फोटोशॉपमध्ये अक्षर पुन्हा टाइप केलं तर जोडाक्षरं फुटतात, ‘स्थिती’ची वेलांटी भलतीकडे जाते. जुनी आवृत्ती आहे.

रेघोट्या
प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात टेक्स्ट इंजिन ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ करा, फोटोशॉप बंद करून उघडा आणि नवी फाइल घ्या. जुन्या फाइलमधला मजकूर लगेच सुधारला नाही तर त्या लेयरच्या पॅराग्राफ मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडा. तिथेही हट्ट करत असेल तर मजकूर इंकस्केप या मोफत चित्र-सॉफ्टवेअरमध्ये लावा, तिथे जोडाक्षरं नीट जुळतात. फाँट ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ नावाचा घ्या, दोन्ही मोफत आणि युनिकोड. फुग्यासाठी बालू जास्त शोभेल, पण जाड आहे, ४४ वर ‘क्ष’चं पोट भरून येतं का ते आधी फोनवर बघा.