तिथीची पाऊणपट काढली की भरतीची वेळ येते, मग ते ज्ञान का नाही?

मानशीकाठची

नमस्कार. मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली, हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवते. गेल्या आठवड्यात अकरावीतल्या एका मुलाने प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मला देता आलं नाही, आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये.

गुरुत्वाकर्षणाचा धडा चालला होता. फळ्यावर नेहमीचं चित्र काढलं: पृथ्वी, चंद्र आणि समुद्राला दोन्ही बाजूंनी आलेले फुगवटे. मुलगा शापोरा नदीकाठच्या खाजनातला, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीतला. त्याच्या घरचे मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दरवाजावर, मासे धरतात. तो उठून म्हणाला, "टीचर, ह्या चित्रावरून आज आमच्या मानशीवर भरती किती वाजता ते काढून दाखवा." मी खडू हातात घेऊन नुसती उभी राहिले. चित्रात वेळ नाहीच! तो म्हणाला, "माझा आजो काढतो. तिथीची पाऊणपट."

हा हिशेब मीही लहानपणापासून ऐकत आलेय. माझे बाबा आजही तोच करतात. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी परत प्रतिपदेपासून सुरुवात. सकाळी पायरीवर बसून बाबा म्हणतात, "आयज पंचम. पावणेचारांक भरती," आणि त्या बेताने जाळं खांद्यावर टाकून निघतात. भरती पूर्ण होऊन पाणी उतरायला लागलं की मानशीच्या तोंडाला जाळं लावायचं, म्हणून ती वेळ महत्त्वाची. त्यांना रिकाम्या हाताने परतताना मी फार कमी वेळा पाहिलंय.

चंद्र पाणी का ओढतो, हे बाबांना माहीत नाही. मला "का" माहीत आहे, पण "केव्हा" सांगता येत नाही. मग ज्ञान कोणाकडे आहे? आणि ज्या सिद्धांतावरून साधी आजची भरती सांगता येत नाही, तो मुलांना खरा म्हणून शिकवण्याचा मला काय अधिकार? मनापासून विचारतेय.

जुना मास्तर, फोंडा

ताई, मुलाने नेमक्या जागी बोट ठेवलंय, त्याला शाबासकी द्या. ते चित्र न्यूटनच्या १६८७ सालच्या मांडणीवर आधारलेलं आहे आणि अर्धीच गोष्ट सांगतं. ओढ कुठून येते ते कळतं, पण पाणी त्या ओढीला कसा प्रतिसाद देतं ते नाही. फुगवटा कायम चंद्राखाली राहायचा तर विषुववृत्तावर त्याला ताशी सोळाशे किलोमीटरने धावावं लागेल. त्या वेगाची लाट चालायला समुद्र वीस किलोमीटरहून खोल हवा. आपला समुद्र सरासरी चार किलोमीटरही खोल नाही, आणि वाटेत खंड आडवे पडलेत. म्हणून पाणी ठिकठिकाणी आपापल्या उशिराने चढतं. गोव्यात उधाणालाही चढ-उतार जेमतेम दोन मीटरचा. खंबातच्या आखातात भावनगरला तोच दहा मीटरच्या आसपास जातो, आणि वेळही काही तासांनी मागे पडते. तुमच्या बाबांची पाऊणपट तिथे चालायची नाही.

मग भाकीत होतं कसं? एकोणिसाव्या शतकात विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी रीत बसवली. भरती ही अनेक तालांची बेरीज धरायची. चंद्राचा मुख्य ताल १२ तास २५ मिनिटांचा, सूर्याचा १२ तासांचा, शिवाय दिवसातून एकदाच येणारे काही. त्या दिवसाला एकदाच्या तालांमुळे आपल्याकडे एका दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, हे बाबांना विचारा, त्यांनी पाहिलेलं असणार. हे ताल किती वेळाचे, ते आकाशातून मिळतं, अगदी सेकंदापर्यंत. पण मुरगाव बंदरात प्रत्येक तालाची उंची किती आणि तो किती उशिराने पोहोचतो, हे कुठलाही सिद्धांत घरबसल्या सांगत नाही. त्यासाठी बंदरातच पाणी मोजत राहावं लागतं. १८७२ मध्ये केल्विन यांनी ही बेरीज करणारं चाकांचं आणि दोरीचं यंत्र बनवलं, १८७९ मध्ये खास हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी वेगळं यंत्र तयार झालं. आज भारतीय सर्वेक्षण विभाग भरतीची कोष्टकं काढतो, तीही याच रीतीने.

आता पाऊणपट. तीस तिथींत चंद्र सूर्याच्या मागे पडत पूर्ण एक फेरा करतो. चोवीस तासांना तीसने भागा: दर तिथीला भरती ४८ मिनिटं उशिरा, म्हणजे बरोबर दोन घटका. कोणीतरी तोंडी हिशेबासाठी ४८ चे ४५ केले. एका तिथीला तीन मिनिटं कमी, पंधरा तिथींत पाऊण तास, आणि मग प्रतिपदेला पुन्हा एकपासून. म्हणजे त्या हिशेबात खगोलशास्त्र आहे. फक्त त्यात सूर्य नाही.

म्हणून मी इथेच लिहून ठेवतो. पौर्णिमेनंतर सूर्याची भरती चंद्राच्या आधी येऊन एकूण पाण्याला पुढे ओढते, म्हणून पंचमीला तुमच्या मानशीवर पाणी हिशेबाच्या अर्ध्या तासाहून जास्त आधी भरेल. भांग, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची छोटी भरती, उलटून गेल्यावर ओढ उलटी होते. दशमीला हिशेब जुळेल, द्वादशीला पाणी थोडं उशिरा येईल. नक्की किती मिनिटं, ते मी सांगू शकत नाही, कारण मुरगावपासून तुमच्या मानशीपर्यंत पाणी चढायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक नाही. बांबूला खुणा करा आणि बघा. पाणी पंचमीला हिशेबाबरोबर किंवा हिशेबानंतर भरलं, तर माझं चुकलं.

संस्कृतवाला, म्हार्दोळ

न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, ह्याला फार सुंदर शब्द आहे, उपाधी. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही, कारण तापलेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. ओलं सरपण हवं. ती लपलेली अट म्हणजे उपाधी. बाबांचं अनुमान खोटं नाही, त्याची उपाधी आजवर कोणी बोलून दाखवली नव्हती: हा किनारा, ही खाडी, ह्या तिथी.

केरीकर

मास्तर, तुमचं कोष्टक मी किनाऱ्यावर उभं राहून चुकताना पाहिलंय. २०१७ ची दत्तजयंती, ३ डिसेंबर. पौर्णिमा, त्यात चंद्र पृथ्वीच्या जवळ. मोठी भरती येणार हे छापलेलंच होतं. पण ओखी वादळ बाहेर अरबी समुद्रात होतं आणि पाणी छापलेल्या आकड्याला ओलांडून शॅकच्या आत आलं. आम्ही खाटा डोक्यावर घेऊन पळत होतो, तासाभरात वाळूत रोवलेले खांब उघडे पडले. मग हे भाकीत खोटं ठरलं की नाही?

जुना मास्तर, फोंडा

केरीकर, प्रश्न रास्त आहे. कोष्टक फक्त चंद्र-सूर्याचं बोलतं, वारा आणि वादळी लाटा त्यात नसतात. पण "काहीतरी राहून गेलं होतं" असं म्हणून प्रत्येक वेळी सुटता येत नाही, हेही खरं. युरेनस गणिताबाहेर चालतो हे दिसल्यावर फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी बाहेर एक न पाहिलेला ग्रह असणार म्हणून जागा काढून दिली. बर्लिनला गाले यांनी २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री दुर्बीण लावली आणि सांगितल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाची चाल चुकते म्हणून त्याच माणसाने त्याच रीतीने सूर्याजवळ आणखी एक ग्रह सांगितला. लोकांनी वर्षानुवर्षं शोधला. तो नव्हताच. शतकाला ४३ विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तो फरक १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या नव्या सिद्धांताने भरून काढला.

म्हणजे चूक निघाली तर दोन वाटा असतात, आणि कुठली खरी ते आधी कळत नाही. राहिलेली गोष्ट स्वतंत्रपणे दाखवता आली पाहिजे. ओखी उपग्रहाच्या चित्रांत दिसत होतं, म्हणून मी चंद्राला दोष देत नाही. वादळ नसताना, वारा पडलेला असताना तेवढंच पाणी चढलं असतं, तर मात्र मला झोप लागली नसती.

मानशीकाठची

पंधरवडा झाला. मी, तो मुलगा आणि त्याची धाकटी बहीण, आम्ही मानशीच्या कठड्याला बांबू बांधला. वितीवितीला लाल रंगाचा पट्टा. दर दहा मिनिटांनी बघायचं आणि लिहायचं. भरती संपताना पाणी कितीतरी वेळ हलतच नाही, त्यामुळे नक्की क्षण धरणं कठीण. शेवटी मुलाने युक्ती काढली: चढताना आणि उतरताना पाणी एकाच पट्ट्याला कधी लागलं ते लिहायचं आणि त्यांचा मध्य काढायचा.

पंचमी: हिशेब पावणेचार, पाणी भरलं पावणेतीनला. पूर्ण तासभर आधी! मुलगा बांधावर नाचायला लागला. अष्टमीला सव्वापाच, म्हणजे पाऊण तास आधी. दशमीला बॅटरी घेऊन गेलो, साडेसातला बरोबर. द्वादशीला पंचवीस मिनिटं उशीर. मास्तर, तुम्ही सांगितलेलं सगळं आलं.

मी वही घेऊन बाबांकडे गेले. पंचमीला तुमचा हिशेब तासाने चुकतो, म्हटलं. त्यांनी जाळ्यातून मानही वर केली नाही. "म्हाका खबर आसा. हांव वरभर पयलींच वतां." (मला माहीत आहे. मी तासभर आधीच जातो.) इतकी वर्षं ते लवकर निघतात ते मी बघत होते, मला वाटायचं त्यांना काठावर बसायला आवडतं.

आता मुलाला मुरगावच्या कोष्टकापासून आमच्या मानशीचं अंतर मिनिटांत काढायचंय. त्यासाठी निदान एक पूर्ण चांद्रमास नोंद हवी ना? मास्तर, बेरीज कशी मांडायची ते सोप्या शब्दांत लिहाल का? वही घातली आहे. पहिल्या पानावर त्याने आजोचा हिशेब लिहिलाय, खाली रेघ मारून आमचे आकडे.